लाज कुणाला, काच कुणाला?

दिवाळीची खरेदी आटोपल्यावर घरातल्या पिशव्या एकदा उघडून पाहा. साडी असते, तिच्यावर जुळणारे ब्लाऊजपीस असते, मुलांचे कपडे असतात, घरधन्याचा सदरा असतो. पण साडीच्या आत, कातडीला लागून जे घालायचे त्याची आठवण कुणालाच नसते. सैल पडलेले इलॅस्टिक, उसवलेला पट्टा आणि सुतळीसारखी वळलेली परकराची नाडी यांवर बाई आणखी एक वर्ष काढते. नरकचतुर्दशीला ज्या अंगाला सुगंधी उटणे लावायचे, त्याच अंगाला उरलेले वर्षभर चिंध्यांत आवळायचे, अशी आपली रीत.

सणासुदीच्या अंकात हा कसला विषय, म्हणून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत बापडे! दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात, म्हणूनच मी येथे लिहिते आहे.

मी शिक्षिका आहे. शेवटची घंटा झाली की आमच्या खोलीचे दार लोटले जाते आणि पहिले काम एकच होते: नाडी सैल करायची. मग चौघीजणी एकदम "हुश्श" करतात. कमरेवर काळा पट्टा पडलेला असतो. "बाईच्या जातीला चालायचेच," असे आम्ही एकमेकींना सांगतो आणि वह्या तपासायला बसतो.

खरोखर चालायचे का? धोतराच्या काचाने कमरेला होणाऱ्या कर्करोगाविषयी डॉ. वसंत खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीच लिहिले होते. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात अशाच दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत छापली. एक परकर घट्ट बांधणारी, तर दुसरी परकराशिवाय लुगडे आवळून नेसणारी. वर्षानुवर्षे एकाच जागी काच, त्यातून न भरणारी जखम आणि त्या जखमेत कर्करोग. असे क्वचितच घडते, उगाच घाबरून जाऊ नये. पण कातडी काळवंडते, सोलते, खाजते, हे तर घरोघरी घडते आहे.

माझी एक मैत्रीण कचेरीत काम करते. सकाळी लोकलमध्ये उभी, मग आठ तास रेक्झिनच्या खुर्चीवर, अंगात नायलॉनचे घट्ट कपडे आणि मुंबईचा घाम. तिने मांडीतला नायटा सहा महिने लपवला. दुकानातून कुणीतरी सांगितलेले मलम आणले. त्यात स्टेरॉइड होते. खाज निवली आणि नायटा मात्र पसरत गेला. डॉक्टरकडे का गेली नाहीस, असे विचारले तर म्हणाली, "अगं, दाखवू कसं?"

ही लाज तिला कुणी शिकवली? घरच्या दोरीने शिकवली. तिथे पुरुषांचे बनियन नि चड्ड्या भर उन्हात पताकांसारख्या फडकतात आणि बाईचे कपडे टॉवेलाखाली दडून ओलसर राहतात. दुकानदाराने शिकवली. तो माप न विचारता पुडके वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत कोंबतो. जाहिराती त्याहून चतुर. त्यांतल्या बाईला ना घाम येत, ना गाडी पकडायची असते. तिने फक्त सुडौल दिसायचे! एकजण म्हणतो, झाका. दुसरा म्हणतो, मिरवा. ते घालणारीला दिवसभर कसे वाटते, हे दोघेही विचारत नाहीत.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले, शरीराविषयी उघड लिहिले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. त्याला जवळजवळ शंभर वर्षे झाली, आणि आम्ही अजून टॉवेलाखालीच!

माझे मागणे मोठे नाही. कामावर जाणारीने आतले कपडे चपलांइतक्याच डोळसपणे घ्यावेत. सुती, घाम टिपणारे, मांडीत न रुतणारे घ्यावेत. ब्रेसियर घेताना छातीचे माप नव्याने घ्यावे. बाळंतपणानंतर आणि वयानुसार ते बदलते. खांद्यावर वळ उठत असतील तर माप चुकले असे समजावे. परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्यावा, तो सैल बांधावा आणि कातडी दुखावली असेल तर ती भरेपर्यंत तिथे काच येऊ देऊ नये. घामेजलेला कपडा घरी येताच बदलावा आणि धुतलेला उन्हातच वाळवावा. खाज हटत नसेल तर सरळ डॉक्टर गाठावा.

आणि घरातल्या पुरुषांनो, पाडव्याला ओवाळणीत साडी जरूर घाला. पण तिच्याबरोबर चार सुती कपड्यांचे पैसेही घाला, आणि ते दोरीवर वाळताना दिसले तर मान वळवू नका.

आमच्या दोरीवरचा टॉवेल मी काढून टाकला आहे. शेजारच्या काकू दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीही काढला.