पाटी पुसते, पण पूर्ण कोरी होत नाही

धायरीचे एक गृहस्थ मुलीची फाइल घेऊन ओपीडीत आले. मुलीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. ‘स्टेमसेल घातल्या की नसा दुरुस्त होतात म्हणे. गावची जमीन विकायची तयारी आहे,’ ते म्हणाले. हा समज मी आता वरचेवर ऐकतो.

एमएसमध्ये शरीराच्याच टी आणि बी पेशी मेंदू व मज्जारज्जूतील नसांच्या आवरणावर हल्ला करतात. प्रत्यारोपणात रुग्णाच्या रक्तातूनच स्टेमसेल काढून गोठवतात, मग तीव्र केमोथेरपीने ही बिघडलेली प्रतिकारशक्ती जवळजवळ नष्ट करतात आणि राखून ठेवलेल्या पेशी परत देतात. बोनमॅरो प्रत्यारोपण आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ते 1983 मध्येच झाले. एमएसमध्ये मात्र खरे औषध केमोथेरपी. स्टेमसेल फक्त रक्तनिर्मिती पुन्हा सुरू करतात, झिजलेल्या नसा जोडत नाहीत.

नवी फौज एकदम उभी राहत नाही. एनके पेशी काही आठवड्यांत येतात, बी पेशींना काही महिने लागतात. सीडी4 टी पेशींना वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, कारण त्या छातीतल्या थायमस ग्रंथीत नव्याने घडतात आणि ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसते. 2014 च्या एका अभ्यासात सीडी4 पेशी बहुतांशी नव्या आढळल्या, पण सीडी8 मध्ये जुन्याच बऱ्याचशा परतल्या होत्या. तरीही आजार शमतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 110 रुग्ण होते. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी तिघांचे अपंगत्व वाढले, औषधांवरच्या गटात 34 जणांचे. मृत्यू एकही नाही. मात्र सगळे रुग्ण झटके येणाऱ्या प्रकारातले होते आणि ऑक्रेलिझुमॅबसारखी प्रभावी औषधे तुलनेत नव्हती.

किंमतही आहे. शत्रूबरोबर लसींची आठवणही पुसली जाते. लहानपणच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात, गोवरासारख्या जिवंत लसी तर साधारण दोन वर्षांनंतरच. तोवर नागीण डोके वर काढू शकते आणि आपल्याकडे क्षयरोगाचीही धास्ती असते. काहींना पुढे थायरॉइडचा नवा आजार जडतो. मुलींच्या बाबतीत केमोथेरपीआधीच बीजांडे गोठवण्याचा विषय काढावा लागतो. तो बोलताना आई-वडील अवघडतात, आणि खरे सांगायचे तर आम्ही डॉक्टरही.

मुलगी अजून चालते, पण औषध चालू असतानाही वर्षभरात दोन झटके आले आहेत. तिचा विचार होऊ शकतो. वडिलांना म्हटले, ‘सगळे एमआरआय घेऊन आधी न्यूरॉलॉजिस्टला भेटा. जमिनीचे नंतर बघू.’