सरवा वेचणाऱ्या तीन बाया

चित्रें हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतला शोक, नांगर धरणाऱ्याचा व हातोडा मारणाऱ्याचा त्यांच्याशीं काय संबंध, असें आमच्या पुष्कळ बांधवांस वाटतें. हा समज शहाणे म्हणविणाऱ्यांच्याच सोयीचा आहे. चित्रांत कोणास जागा द्यावी यावरून वरचे वर्ग किती हातघाईवर येतात, हें फ्रान्स देशांतील एका हकीकतीवरून दिसेल.

झां फ्रांस्वा मिले हा चित्रकार १८१४ सालीं नॉर्मंडींत शेतकऱ्याच्या घरीं जन्मला. शेतांत राबून वाढला. १८५७ सालीं त्यानें पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनांत एक चित्र मांडलें. उंचीला तें दोन हातसुद्धां नाहीं. त्यांत आहे काय? कापणी झालेल्या रानांत तीन बाया गव्हाच्या पडलेल्या ओंब्या वेचीत आहेत. आमच्याकडे याला सरवा वेचणें म्हणतात, आणि तो कोणत्या घरच्या बाया वेचतात हें वाचकांस सांगावयास नको. दोघी पार वाकल्या आहेत, तिसरी अर्धवट. मागें दूर उन्हांत धान्याच्या गंजी, भरलेली गाडी व घोड्यावर बसलेला कारभारी. बायांच्या मुठींत चार ओंब्या. शस्त्र नाहीं, निशाण नाहीं, कोणी मान वर करून पाहतसुद्धां नाहीं.

तरीहि पॅरिसचे टीकाकार बिथरले! एकाला या बायांच्या मागें बंडवाल्यांचे भाले व १७९३ सालचे वधस्तंभ दिसूं लागले. दुसऱ्यानें त्यांना, आपल्या बोलींत सांगावयाचें तर, दारिद्र्याच्या सटवाया ठरविलें.

ही घाबरगुंडी कोठून आली? १८४८ च्या फेब्रुवारींत पॅरिसच्या जनतेनें लुई फिलिप राजास पळवून लावलें. प्रत्येक प्रौढ पुरुषास मत मिळालें, बेकारांसाठीं सरकारी कामें निघालीं. जूनमध्यें तीं कामें बंद करण्याचें ठरलें, तेव्हां मजुरांनीं रस्ते अडविले आणि लष्करानें चार दिवसांत हजारोंना लोळविलें. पुढें डिसेंबर १८५१ मध्यें लुई नेपोलियननें सत्ता बळकाविली, त्या वेळीं दक्षिणेकडील खेड्यांतले शेतकरीहि हत्यारें घेऊन उठले. तेंहि चिरडलें गेलें. ज्यांनीं गोळ्या घातल्या त्यांना झोंप कशी लागणार? वाकलेली पाठ पाहिली कीं, ती उद्यां ताठ झाली तर काय, हाच विचार त्यांच्या मनांत येई. मिलेचा पेरणारा व कुर्बेचे खडी फोडणारे दोन मजूर १८५० च्या हिवाळ्यांतल्या प्रदर्शनांत आले, तेव्हांहि हाच गिल्ला झाला होता.

गंमत अशी कीं मिले कांहीं बंडखोर नव्हता. आपण समाजवादी नाहीं, असें तो सांगे. आमच्या मतें त्याचें तें म्हणणें खरेंच होतें. त्यानें भीति रंगविली नाहीं. ती पाहणाऱ्यांनीं घरून आणली होती. मागच्या गंजी किती आणि पुढच्या मुठी किती, हा हिशेब त्यांना पाठ होता. तो कोणी भिंतीवर टांगला, एवढाच काय तो गुन्हा.

चित्र घासाघीस होऊन तीन हजार फ्रँकांस गेलें. मग काळ पालटला. १८७१ सालीं पॅरिसच्या कम्यूनचें बंड रक्तांत बुडविलें गेलें, प्रजासत्ताक स्थिरावलें. आतां सरकारला शेतकरी हवा होता, पण सोशीक आणि देवभोळा. त्याच बायांत लोकांस सात्त्विक शांति दिसूं लागली! १८८९ सालीं तेंच चित्र लिलांवांत तीन लाख फ्रँकांस गेलें. शांपेन दारूच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनीं तें घेतलें व पुढच्या सालीं तें राष्ट्राच्या संग्रहांत गेलें. आज तें पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. मिले १८७५ सालींच वारला होता. चित्र पुन्हां विकलें गेल्यास चित्रकाराला वा त्याच्या वारसांना कांहीं वांटा द्यावा, असा कायदा त्या वेळीं नव्हता. फ्रान्सनें तो १९२० सालीं केला.