औषधांची आळीपाळी आणि देहाचा पासंग

औषधासंबंधीं मतभेद नाहींत असें एकत्र कुटुंब विरळा. आजोबांच्या हातास कंप सुटला कीं थोरल्या सूनबाई डॉक्टरांच्या गोळ्यांचा आग्रह धरतात, काकांचा विश्वास वैद्यांच्या चूर्णावर असतो, आणि आत्याबाई माहेरीं आल्या म्हणजे तिसरेंच कांहीं सुचवून जातात. चार दिवसांनीं आजोबांस जरा बरें वाटतें, आणि ज्यानें जें दिलें त्यास तें आपलेंच यश वाटतें. हा वाद घरांत मिटत नाहीं; कारण तो मिटविण्याची रीत आपणांस ठाऊक नसते. वैद्यकशास्त्रानें ती रीत कशी बसविली आहे, हें आज पाहूं.

दुकानदाराच्या तराजूस पासंग असल्याचा संशय आला म्हणजे जाणतें गिऱ्हाईक काय करतें? माल व वजन यांचीं पारडीं बदलावयास लावतें. कांटा दोन्ही वेळां सारखाच राहिला तर तराजू खरा. ढळला तर पासंग उघडा पडला. मनुष्याचा देह हाही एक तराजूच आहे, आणि ज्याचा त्याचा पासंग निराळा. वय, आहार, झोंप, मनाचा धीर, रोगाचा जोर यांत दोन माणसें कधींच सारखीं नसतात. म्हणून एक औषध गोविंदास व दुसरें महादेवास दिलें आणि महादेव लवकर सुधारला, तर तो गुण औषधाचा कीं महादेवाच्या प्रकृतीचा, हें सांगतां येत नाहीं.

यावर उपाय दोन. पुष्कळ रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावे, म्हणजे सर्वांचे पासंग मिळून बहुधा समतोल होतात, हा एक. दुसरा असा कीं, एकाच रुग्णास दोन्ही औषधें आळीपाळीनें द्यावीं आणि त्याची तुलना त्याच्याशींच करावी. ह्या दुसऱ्या पद्धतीस ‘क्रॉस-ओव्हर’ म्हणतात. आपण तिला आलटापालटीची चाचणी म्हणूं. तिला रुग्ण थोडे लागतात, आणि दोन्ही औषधें प्रत्येकाच्या वाट्यास येतात, हा न्यायही तींत आहे.

परंतु तिचीं पथ्यें कडक आहेत. सर्वांस पहिलें औषध आधीं व दुसरें मागाहून दिलें, तर ऋतु पालटल्यानें किंवा संवयीनें आलेला आराम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होईल. म्हणून कोणास कोणत्या क्रमानें द्यावयाचें, हें चिठ्ठीनें ठरवितात. पहिल्याचा अंमल शरीरांतून पुरता उतरेपर्यंत मध्यें अंतर ठेवतात. एरवीं एकाचा गुण दुसऱ्यास लागावयाचा. आणि शक्य तेथें रुग्णास व तपासणाऱ्यासही आज कोणतें औषध दिलें तें कळूं देत नाहींत. कारण आशा हीही मोठी पासंग लावणारी आहे.

ह्याचें एक सुंदर उदाहरण आपल्या ओळखीच्या वनस्पतीचें आहे. खाजकुइलीच्या शेंगेची लव अंगास लागली म्हणजे काय होतें, हें रानांत हिंडलेल्या मुलांस सांगावयास नको. संस्कृतांत हिला कपिकच्छू व आत्मगुप्ता अशीं नांवें आहेत. पहिल्यांत माकडाला सुटणारी खाज आहे, तर दुसऱ्यांत स्वतःच स्वतःचें रक्षण करणारी वेल आहे. हिच्या बियांत ‘लेव्होडोपा’ हें द्रव्य असल्याचें दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं दाखविलें. पुढें हेंच द्रव्य कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाच्या, गोळ्यांचें मुख्य अंग ठरलें. मुंबईच्या संशोधकांनीं हीं बीजें रुग्णांस देऊन आलेला अनुभव १९७८ सालीं प्रसिद्ध केला. तरी बीज बरें कीं गोळी, हा प्रश्न उरलाच.

तो लंडनमध्यें आलटापालटीनें तपासला गेला. २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण अवघे ८. प्रत्येकास एकेका आठवड्याच्या अंतरानें, चिठ्ठीच्या क्रमानें, नेहमींची गोळी, बीजचूर्ण १५ ग्रॅम आणि बीजचूर्ण ३० ग्रॅम अशी एकेक मात्रा दिली. कोणत्या दिवशीं काय दिलें हें रुग्णास किंवा तपासणाऱ्यास ठाऊक नव्हतें. गोळीचा गुण येण्यास सरासरी ६८.५ मिनिटें लागलीं, ३० ग्रॅम चूर्णाचा ३४.६ मिनिटांत आला, आणि तो सरासरी ३७ मिनिटें अधिक टिकला. आठच माणसांवरून इतकें बोलतां आलें, कारण प्रत्येकजण स्वतःचाच साक्षीदार होता. मात्र ही एकेका मात्रेची परीक्षा होती. वर्षानुवर्षें चूर्ण घेतल्यानें काय होईल, याचें उत्तर तींत नाहीं.

ही रीत सर्वत्र चालत नाहीं, हेंही तितकेंच महत्त्वाचें. आमच्या मुखेडकडे शेतकऱ्यास विंचवाची भीति नित्याची. विंचू चावलेल्यास आज एक औषध व पुढच्या आठवड्यांत दुसरें, असें करतां येईल काय? तोंवर तो बरा तरी झालेला असेल, नाहीं तर हातचा गेलेला असेल. मूळचे मराठवाड्यांतीलच डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं महाड येथें केलेली चाचणी म्हणूनच दोन गटांची होती. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणींत ७० रुग्ण होते. प्राझोसिनसह विंचवाची प्रतिलस दिलेल्या ३५ पैकीं ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. नुसतें प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकीं ८. जो रोग दीर्घकाळ साधारण एकाच पायरीवर राहतो आणि ज्यावरील औषधाचा गुण थांबवितांच ओसरतो, तेथेंच आलटापालट शोभते. एकदां झालेली शस्त्रक्रिया परत कशी घेणार?

आतां घराकडे वळूं. ह्या लेखावरून कोणी आजोबांच्या दुधांत गुपचूप कवचबीजाचें चूर्ण कालवूं नये. बियांतील लेव्होडोपाचें प्रमाण सारखें नसतें. गोळीवर आणखी तेंच द्रव्य पडलें तर अनिष्ट हालचाली, मळमळ, भ्रम यांस आमंत्रण मिळतें, आणि चालू गोळ्या एकाएकीं बंद करणें तर जीवावर बेतूं शकतें. चूर्ण द्यावयाचेंच असेल तर डॉक्टरांस सांगून, त्यांच्या देखरेखीखालीं द्यावें. मात्र एक वही घालावी. कोणतें औषध केव्हां दिलें, कंप केव्हां थांबला, किती वेळ थांबला, हें रोज लिहावें. आणि एका वेळीं दोन गोष्टी बदलूं नयेत. अशी वही डॉक्टरांपुढें ठेवली, तर काका व सूनबाई यांच्या वादापेक्षां आजोबांचें हित तिनें अधिक साधेल. घरांतील प्रेमाबद्दल शंका नाहीं. पण प्रेमालाही पासंग असतो, आणि त्याचा भार औषध घेणाऱ्यावर पडतो.