कोकराच्या आतड्यालाही शिकू द्या

पावसाळ्यात ओल्या कुरणावर चरणारी कोकरे गवताबरोबर जंतांच्या अळ्याही गिळतात. थोराड मेंढी त्यांना बहुधा पुरून उरते. कोकरू मात्र हगवण लागून खंगते. फरक आहे आतड्याच्या अस्तरात. जंतांशी वारंवार गाठ पडली की तेथे मास्ट व इओसिनोफिल पेशी जमतात, आयजीए प्रतिपिंडे तयार होतात, श्लेष्मा वाढतो आणि नव्या अळ्यांना ठाण मांडता येत नाही. ही तयारी व्हायला काही महिने लागतात. चाऱ्यात प्रथिने कमी असली, तर आणखी उशीर होतो.

म्हणूनच साऱ्या कळपाला सरसकट औषध पाजत राहणे शहाणपणाचे नाही. थायाबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आले. १९६४ मध्ये त्याला दाद न देणाऱ्या जंतांची नोंदही झाली. प्रत्येक जनावराला औषध दिले की असे चिवट जंतच मागे उरतात. लेंडी तपासून, खंगलेल्या कोकरांनाच वेळेवर औषध द्यावे. पण लेंडी तपासणीची सोय तालुक्याच्या दवाखान्यात, पावसाळ्याआधी मिळाली नाही, तर मेंढपाळाला दिलेला हा सल्ला कोरडाच ठरेल.