घरगुती कारागिरी : मासोळ्यांची घडवंची

कोल्हापुरांतील जुन्या वाड्यांच्या स्वयंपाकघरांत पाण्याचे तांब्यापितळेचे हंडे घडवंचीवर ठेवीत. आतां दिवाणखान्यांत काचेच्या टाकींत रंगीत मासोळ्या फिरूं लागल्या आहेत, आणि घरांत पडून असलेलें एखादें मेज तिच्याखालीं सरकविलें कीं काम झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु घडवंची किंचित् डगमगली तरी धातूचा हंडा फुटत नाहीं. काच मात्र पिळली गेली कीं तडकते. ह्या एका भेदावरच टाकीच्या बैठकीची सर्व रचना अवलंबून आहे.

प्रथम भाराचा हिशेब करावा. ३ फूट लांब, १ फूट रुंद व दीड फूट उंच टाकींत काठोकाठ सुमारें १२७ लिटर पाणी मावतें. त्याचें वजनही तितकेच किलो. काच व तळची वाळू धरून एकूण भार १७० किलोच्या आसपास जातो. जुन्या चाळीस शेरी मणानें सुमारें साडेचार मण. हा भार रात्रंदिवस एकाच जागीं राहावयाचा आहे.

तो लाकडावरून लाकडावर उतरला पाहिजे. वरच्या चौकटीच्या पट्ट्या खांबांच्या डोक्यावर टेकाव्यात; केवळ खिळ्यांच्या आधारानें बाजूस लटकूं नयेत. पट्टी उभ्या कडेवर बसवावी. ४ इंच रुंद व दीड इंच जाड पट्टी निजवून बसविली असतां जितकी वांकेल, त्याच्या सुमारें सातव्या हिश्श्यानेंच ती उभी असतां वांकते. सागवान मिळाल्यास उत्तम; भुशाच्या दाबीव फळ्या पाणी लागतांच फुगतात, त्या घेऊं नयेत. लोखंड पसंत असल्यास शिवाजी उद्यमनगरांतील कारखान्यांतून अँगलची चौकट जोडून घ्यावी व तिला गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावेत.

खरा धोका मात्र आडव्या हेलकाव्याचा. चार पट्ट्यांची चौकट धक्क्यानें तिरपी होते, त्रिकोण आपला आकार सोडीत नाहीं. म्हणून पाठीमागें कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी ठोकावी, अथवा पाऊण इंची प्लायवुडनें पाठ बंद करावी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ज्या भागाला जाणवला, त्या भागांत ही खबरदारी फाजील म्हणतां येणार नाहीं. शिवाय एकत्र कुटुंबांत रांगतें मूल असतेंच, आणि तें हाताला लागेल त्या वस्तूस धरून उभें राहतें. यासाठीं बैठकीची रुंदी टाकीहून अधिक, निदान दीड फूट असावी, उंची अडीच फुटांवर नेऊं नये, आणि दोन लोखंडी पट्ट्यांनीं ती भिंतीस जखडावी.

जुन्या वाड्याच्या लाकडी मजल्यावर टाकी शक्यतों ठेवूं नये. ठेवणेंच झालें तर अनुभवी मिस्त्रीकडून कड्या तपासून घ्याव्यात, व टाकी भिंतीलगत, कड्यांना आडवी ठेवावी, म्हणजे भार अनेक कड्यांवर वांटला जातो.

काम पुरें झाल्यावर गुण्यानें कोपरे व पाणसळीनें वरचा पृष्ठभाग पाहावा. मग त्यावर २५ किलोंचीं आठ पोतीं नीट रचून एक रात्र जाऊं द्यावी व सकाळीं पुन्हां पाणसळ लावावी. बुडबुडा मध्यावरच असेल, तरच टाकी चढवावी. तिच्याखालीं पाव इंची थर्मोकोलचा ताव घालावा, म्हणजे बारीक खडा काचेस बोंचणार नाहीं. पंपाची तार विजेच्या जोडाकडे नेतांना जोडाच्या खालीं एक झोळ घेऊन वर न्यावी. ओघळलेलें पाणी झोळाशींच ठिबकून जातें.

पाणी पहिल्या दिवशीं अर्धेंच भरावें. दुसऱ्या दिवशीं पाण्याची रेघ चारही कडांशीं सारख्या उंचीवर आढळली, म्हणजे उरलेलें पाणी भरावें. मासोळ्या आणण्याची घाई मुलांना असली, तरी वडीलधाऱ्यांनीं एवढा एक दिवस त्यांना थोपवून धरावें.