बर्फातून माघारी फिरण्याचा हक्क

४ ऑक्टोबर २०२२ च्या सकाळी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी ‘द्रौपदी का डांडा-२’ या ५,६७० मीटर उंच शिखराच्या वाटेवर होती. प्रगत अभ्यासक्रमाचे प्रशिक्षणार्थी आणि सोबत अनुभवी प्रशिक्षक. उतारावरचा बर्फाचा थर सुटला आणि २९ जणांचा जीव गेला. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू अवघ्या १६ दिवसांत सर केले होते. त्या तुकडीत दमाची किंवा सरावाची वानवा नव्हती.

पुण्या-मुंबईहून दर हिवाळ्यात केदारकंठा, ब्रह्मतालकडे निघणाऱ्यांची तयारी मात्र दमाभोवतीच फिरते. सिंहगडाच्या फेऱ्या, रोजचं धावणं, थर्मल आणि गेटर्सची यादी. हे सगळं हवंच. या लोकप्रिय वाटा तुलनेने सौम्यही आहेत. पण तिथे गोडी लागलेला ट्रेकर पुढच्या वर्षी उंच खिंडीकडे वळतो, आणि बर्फाबद्दलचं त्याचं अज्ञान तेवढंच राहिलेलं असतं.

बहुतेक धोकादायक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. निरभ्र, कडाक्याच्या थंडीत जुन्या पातळ बर्फाच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. त्यावर वारा नवा बर्फ आणून दाबून बसवतो. वरून सगळं घट्ट दिसतं. माणसाचं वजन पडताच खालचा कच्चा थर बसतो, ‘धप्प’ असा आवाज येतो, तडा सरसर पळतो आणि अख्खा थर लादीसारखा सुटतो. स्कीइंग किंवा गिर्यारोहण करताना होणाऱ्या अशा जीवघेण्या अपघातांत बहुतेकदा तो थर सुटतो तो बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने. आभाळ निळंभोर असलं तरी धोका कायम असतो, तो यामुळेच.

हा धोका काही प्रमाणात तपासता येतो. बर्फात खड्डा खणून ३० सेंटिमीटर बाजूंचा खांब मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर हाताने थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. पहिल्या काही थापांतच खांबाचा वरचा भाग सपाट चिरून पुढे सरकला, तर त्या उतारावर पाऊल टाकायचं नाही.

चंडीगडची ‘डीजीआरई’ ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. २७ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी तिने चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागांसाठी असा इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चमोलीतल्या माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर बर्फाखाली अडकले. आठ जण दगावले. इशारा आला की त्यावर कृती करण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरलेलं हवं. ट्रेकवरही तेच लागू आहे.

गाडल्या गेलेल्या माणसाला साधारण पंधरा मिनिटांत बाहेर काढलं, तर तो वाचण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर अर्धा तास होईपर्यंत ती झपाट्याने ढासळते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर पोहोचत नाही. सोबतच्यांनीच शोधायचं असतं, आणि त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखालून संकेत देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं लागतं, शिवाय ते वापरण्याचा सराव. सामानाच्या यादीत सनग्लासेस असतात, ही तीन साधनं क्वचितच.

त्याहून मोठी अडचण ठरलेल्या तारखांची आहे. परतीचं तिकीट काढलेलं, रजा मोजून घेतलेली, पैसे भरलेले. अशा वेळी लीडरने ‘आज पुढे जायचं नाही’ म्हटलं की कुरबुर सुरू होते, पैसे परत मागितले जातात. त्या दबावाखाली त्याने धोक्याचा उतार ओलांडावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. म्हणून धोक्याच्या उतारांवरून जाणारे हिवाळी ट्रेक नेणाऱ्या आयोजकांनी कार्यक्रमात एक राखीव दिवस ठेवावा, माघारीचा निर्णय लीडरचा आणि अंतिम राहील हे पैसे घेण्यापूर्वीच लेखी द्यावं, आणि माघारी फिरलेल्या लीडरच्या मानधनातून एक रुपयाही कापू नये.