घरी कळेल म्हणून

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा नाताळची सुट्टी लागलेली असेल आणि घरोघरी तरुण मुलांचे बेत ठरत असतील. आमच्या वेळी या दिवसांत कुंभोजला किंवा मांगीतुंगीला यात्रेची बस निघे. आता मुले पवना, मुळशी, भंडारदरा अशी नावे घेतात. धरणाच्या काठी तंबू, रात्री शेकोटी, सकाळी नौकाविहार. त्यात वावगे काही नाही. बारा महिने गल्ल्यावर आणि जीएसटीच्या पत्रकांत गुंतलेले मूल दोन दिवस मोकळ्या पाण्याकाठी गेले, तर त्याचे मन ताजेच होईल.

परंतु या सहलींत पुष्कळदा बाटलीही असते. हे आपल्याला ठाऊक असते, पण आपण ते उच्चारत नाही. "आपल्यात ते नाही," असे म्हणून विषय मिटवतो. शास्त्रात ते नाही, हे खरेच. श्रावकाच्या अष्टमूलगुणांची मोजणी समंतभद्राचार्यांनी आणि अमृतचंद्राचार्यांनी वेगवेगळी केली असली, तरी मद्याचा त्याग दोघांनीही सांगितला आहे. घरात काय आहे, हा प्रश्न मात्र निराळा.

गेल्या पर्युषणात प्रवचन संपल्यावर एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. घराणे चांगले, पेढी जुनी. त्याने जे सांगितले ते त्याच्या परवानगीने लिहितो आहे.

चार मित्र धरणाकाठी मुक्कामाला गेले होते. मध्यरात्रीनंतर काठाला बांधलेली एक छोटी होडी सोडून दोघे पाण्यात गेले. जीवरक्षक जाकिटे सकाळी नावाडी देणार होता, तोवर कोणाच्या अंगात काही नव्हते. एकजण फोटो काढण्यासाठी उभा राहिला, होडी कलली आणि तो पाण्यात गेला. त्याला उत्तम पोहता येत होते, तरी तो दोनदा खाली गेला. होडीतल्या मित्राने पुढे केलेले वल्हे हाती लागले म्हणून वाचला. काठावर आणल्यावर तो खोकत होता, पाणी ओकत होता आणि त्याला धाप लागली होती.

यापुढचे ऐकताना माझा हात जपमाळेवरच थांबला. ते चौघे तासाहून अधिक काळ तिथेच बसून राहिले. तोंडाला वास येतो आहे, डॉक्टर पोलिसांना कळवतील, पोलीस घरी फोन करतील. घरी कळेल. उजाडायला आल्यावर श्वास घेणेच अवघड झाले, तेव्हा त्यांनी त्याला गाडीत घातले, आणि गाडी चालवणाराही प्यालेलाच होता. दोन दिवस प्राणवायूवर राहून मुलगा वाचला. घरी सांगितले ते असे, की बाहेरचे खाणे बाधले.

पोहता येणारा मुलगा बुडतो कसा, असे पुष्कळांना वाटेल. मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पिणाऱ्याला ऊब आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात शरीराची उष्णता झपाट्याने बाहेर जात असते. थंड पाण्यात एकाएकी पडलेला माणूस अनावरपणे जोराचा श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणीच आत जाते. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी रचना असते, तीही मद्याने बिघडते. मग अंधाऱ्या पाण्यात वर कुठे आणि खाली कुठे, हेच कळत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत जीवघेण्या नौका-अपघातांच्या ज्ञात कारणांत मद्य अग्रस्थानी असते, आणि बुडून मेलेल्यांत दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात जाकीट नसते.

शुद्धीवर असलेल्यांनाही पाणी सोडत नाही. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. ती नित्याची वाहतूक होती, मौजेची सहल नव्हे. त्याच वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून जास्त माणसे होती आणि अनेकांना जाकिटे दिलेली नव्हती. दोन्ही ठिकाणी मद्याचा संबंध नव्हता. सावध माणसाला जिथे इतका थोडा अवकाश मिळतो, तिथे प्यालेल्याला किती मिळणार?

आपल्या परंपरेत याला नेमका शब्द आहे: प्रमाद. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादालाच मूळ धरले आहे. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या आहे, आणि तिच्याच शेजारी हिंसादान, म्हणजे घाताची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. मी अर्थ थोडा ताणतो आहे, पंडितजन क्षमा करोत. पण कुठे जातोस, कोणाबरोबर, हे न विचारता गाडीची किल्ली आणि पैसे हाती ठेवणारा बाप मला त्या शब्दाच्या फार जवळ दिसतो. दुकानाच्या विम्याचे प्रत्येक कलम आपण बारकाईने वाचतो. अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसींत नशेत घडलेल्या अपघाताला भरपाई नाही, हे किती जणांनी वाचले आहे?

तरीही मला त्या रात्रीच्या मद्यापेक्षा काठावरचा तो तास अधिक छळतो. बुडता बुडता वाचलेल्या माणसाला खोकला किंवा धाप असेल तर तो बोलता-चालता दिसला तरी रुग्णालयात न्यायचाच असतो, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. श्वास थांबला असेल तर पोट दाबत किंवा उलटे धरत बसायचे नसते. तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि 112 किंवा 108 ला फोन करायचा. दुसरा बुडत असेल तर आपण उडी टाकायची नाही; दोर, वल्हे, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाकायचे. या गोष्टी अर्ध्या तासात शिकवता येतात. आपल्या युवक मंडळाने पुढच्या शिबिरात त्या शिकवाव्यात, अशी सूचना मी या महिन्यात लेखी देणार आहे. परंतु हे सारे येत असूनही "घरी कळेल" या दोन शब्दांपाशी मुले थांबणार असतील, तर ते शिक्षण काय कामाचे?

म्हणून माझ्या नातवाला मी यंदा जाण्याआधी समोर बसवले. मद्याचा त्याग आपल्या घरी आहे आणि राहील, हे सांगितले. मग हेही सांगितले, की कधी काही घडले, तू चुकलास किंवा तुझा मित्र चुकला, तर आधी रुग्णवाहिकेला आणि मग मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी. मी गाडी घेऊन येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. सूनबाईंना हे पटले नाही. मुलांना अशाने मोकळीक मिळते, असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण माझा शब्द मी मागे घेतलेला नाही.

त्या तरुणाने मद्य सोडले आहे. आता व्रत म्हणून सोडायचे, तर ते महाराजांसमोर घ्यायचे आणि वडिलांनी त्या वेळी शेजारी असावे, अशी त्याची इच्छा आहे. परंतु त्यासाठी आधी वडिलांना ती रात्र सांगावी लागेल, आणि ते धैर्य त्याला अजून होत नाही. हा लेख लिहू देताना त्याने एकच अट घातली, की गाव आणि नाव येऊ नये. त्याचे वडील हे मासिक वाचतात.